रिपोर्ट नॉर्मल, मांजर आजारी

म्हातारं मांजर पाणी जास्त पितंय, वाळत चाललंय, पण रक्तातलं क्रिएटिनिन मर्यादेत आहे. म्हणून मूत्रपिंडं ठीक, हा निष्कर्ष घाईचा. साधारण तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्याशिवाय हा आकडा सहसा मर्यादा ओलांडत नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे रोडावलेल्या मांजरात ते फसवं कमी दिसतं. हीच लक्षणं मधुमेहात किंवा थायरॉइड वाढल्यावरही दिसतात. रक्त, लघवी, रक्तदाब, सोनोग्राफी यांचा एकत्रित अर्थ लावायला म्हणूनच प्राण्यांच्या अंतर्गत आजारांचा तज्ज्ञ लागतो.

तज्ज्ञ म्हणजे बिल फुगणार, ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण सगळ्याच तपासण्या महाग नसतात: मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारी लघवीची घनता रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर थेंबभर नमुन्यातही कळते. महाग पडतात ते चुकलेल्या दिशेचे उपचार. राहिली, असे तज्ज्ञ जिथे भेटतात त्या अध्यापन रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरांची भीती. तिथे विद्यार्थ्याला आपलं निदान वरिष्ठांपुढे पटवून द्यावं लागतं. एकट्या डॉक्टरची अशी उलटतपासणी कोण घेतो? वेळ जास्त जातो, हे मात्र खरं. मांजर उतारवयाकडे झुकलं असेल, तर रक्तासोबत लघवीही तपासून घ्या.