दीड सेकंदाची उडी, दहा वर्षांची तयारी: चॅम्पियन डायव्हर कसा घडतो?

ऑलिम्पिकच्या दिवसांत तुमच्या फीडवर एखादी तरी डायव्हिंगची क्लिप आली असेलच. दहा मीटरवरून कोणीतरी उडी मारतं, हवेत गरागरा फिरतं आणि पाण्यात सुईसारखं शिरतं. पाणी जेमतेम उडतं. आपण लाइक देतो आणि पुढे स्क्रोल करतो.

पण त्या दीड सेकंदात नक्की काय झालं? मार्क कोणी, कसे दिले? ती उडी मारणारी १४ वर्षांची मुलगी तिथपर्यंत पोहोचली कशी? आणि नवी मुंबईतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे शिकायचं असेल तर काय करावं लागेल? चला, एकेक करून समजून घेऊया.

डायव्हिंग म्हणजे नेमकं काय?

पहिली गोष्ट, हे स्कूबा डायव्हिंग नाही. सिलिंडर, मास्क यातलं काहीच इथे नसतं. आपल्या गावाकडे विहिरीत सूर मारतात किंवा अंग गोळा करून मुटका मारतात ना, त्याचाच हा अतिशय शिस्तीत बसवलेला प्रकार समजा.

ऑलिम्पिकमध्ये दोन प्रकार असतात. एक म्हणजे ३ मीटर उंचीचा स्प्रिंगबोर्ड. ही लवचिक फळी डायव्हरला वर उडवते. दुसरा म्हणजे १० मीटरचा प्लॅटफॉर्म. तो काँक्रीटचा, अजिबात न हलणारा. १० मीटर म्हणजे साधारण तीन मजल्यांची उंची.

आता थोडं गणित करू. १० मीटरवरून नुसतं खाली पडलं तरी पाण्यापर्यंत पोहोचायला सुमारे १.४ सेकंद लागतात आणि पाण्याला लागताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. डायव्हर आधी थोडा वर उडी घेतो, म्हणून त्याला जेमतेम दीड सेकंद किंवा त्याहून किंचित जास्त वेळ मिळतो. साडेतीन कोलांट्या मारायच्या, शरीर पुन्हा सरळ करायचं आणि हात आधी पाण्यात घालायचे, हे सगळं एवढ्यातच.

अंग गोळा केलं की वेग का वाढतो?

हवेत गेल्यावर डायव्हरला फिरण्यासाठी नवा जोर मिळत नाही. जो काही जोर घ्यायचा तो पाय सुटायच्या आधीच घ्यावा लागतो. मग वेग कमी-जास्त कसा होतो? शरीराचा आकार बदलून. गुडघे छातीशी घेतले की शरीर भरभर फिरतं, हातपाय लांब केले की तेच फिरणं मंदावतं. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरा आणि मग छातीशी आणा, लगेच फरक कळेल.

म्हणूनच वयात येताना डायव्हरचं अवघड होतं. उंची वाढते, वजन वाढतं आणि आधी सहज जमणारी उडी अचानक अर्धी राहू लागते. शरीर बदललं की टायमिंग पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं.

१०७बी हा काय कोड आहे?

टीव्हीवर उडीच्या आधी एक नंबर दिसतो. तो वाचता आला की बघायची मजा दुप्पट होते.

- पहिला अंक उडीचा गट सांगतो: १ म्हणजे पुढे तोंड करून पुढे, २ म्हणजे मागे, ३ म्हणजे पुढे उडी पण फिरणं उलट, ४ म्हणजे पाण्याकडे पाठ आणि फिरणं आतल्या बाजूला, ५ म्हणजे पिळ्याची उडी (ट्विस्ट), ६ म्हणजे हातांवर उभं राहून.
- तिसरा अंक अर्ध्या कोलांट्या मोजतो. ७ म्हणजे सात अर्ध्या, म्हणजेच साडेतीन.
- शेवटचं अक्षर शरीराचा आकार सांगतं: ए सरळ, बी कमरेत वाकून पाय ताठ, सी अंग गोळा करून. पिळ्याच्या उड्यांमध्ये डी असू शकतं, म्हणजे आकाराची मोकळीक.

म्हणजे १०७बी ही पुढच्या दिशेने, पाय ताठ ठेवून, साडेतीन कोलांट्यांची उडी झाली. पिळ्याच्या उड्यांना चार अंक असतात. ५२५३बी म्हणजे मागच्या दिशेने अडीच कोलांट्या आणि त्यातच दीड पिळे.

मार्क कसे मिळतात?

एकट्याच्या स्पर्धेत मोठ्या सामन्यांना सात पंच असतात. प्रत्येक जण ० ते १० मध्ये मार्क देतो. मग सर्वांत जास्त दोन आणि सर्वांत कमी दोन मार्क काढून टाकतात. एखाद्या पंचाने कोणाची बाजू घेतली, तर त्याचा परिणाम होऊ नये म्हणून. उरलेल्या तिघांची बेरीज करायची आणि तिला उडीच्या अवघडपणाच्या आकड्याने गुणायचं.

समजा मार्क आले ८.५, ८, ८, ७.५, ८, ९ आणि ७. वरचे ९ आणि ८.५ गेले, खालचे ७ आणि ७.५ गेले. उरले ८, ८, ८, म्हणजे २४. उडीचा अवघडपणा ३.२ असेल तर २४ गुणिले ३.२ म्हणजे ७६.८ गुण.

आता खरं उदाहरण. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या च्वान होंगचानने फायनलची पहिलीच उडी मारली १०७बी. अवघडपणा ३.०. सातही पंचांनी १० दिले. ३० गुणिले ३.०, म्हणजे ९० गुण. त्याहून जास्त त्या उडीला मिळूच शकत नाहीत.

चार डायव्हर, चार आयुष्यं

के. पी. ठक्कर. १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिली एशियाड झाली. त्यात डायव्हिंगची स्प्रिंगबोर्ड आणि हायबोर्ड अशी दोन्ही सुवर्णपदकं भारताच्या ठक्कर यांनी जिंकली. आज फार कमी लोकांना हे नाव माहीत आहे.

ग्रेग लुगेनिस. अमेरिकेच्या या डायव्हरचं १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत डोकं स्प्रिंगबोर्डवर आपटलं. टाके घातले गेले आणि तो पुन्हा बोर्डवर चढला. त्या ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन्ही सुवर्ण जिंकली, जशी १९८४ मध्येही जिंकली होती. आपण एचआयव्ही बाधित आहोत हे त्याला सोलच्या आधीच कळलं होतं. जगाला त्याने ते १९९५ मध्ये सांगितलं.

टॉम डेली. ब्रिटनचा हा मुलगा २००८ मध्ये, १४ व्या वर्षी ऑलिम्पिकला गेला. परत आल्यावर शाळेत त्याला इतका त्रास दिला गेला की शाळा बदलावी लागली. २०११ मध्ये वडील कॅन्सरने गेले. २०१२ च्या लंडन फायनलमध्ये त्याच्या पहिल्या उडीच्या वेळी प्रेक्षकांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश चमकले आणि त्याचा अंदाज चुकला. तक्रार मान्य झाली, उडी पुन्हा मारायला मिळाली आणि त्याने कांस्यपदक घेतलं. पण त्या उडीची धास्ती नंतरही मनात राहिली. शेवटी त्याने तिच्याऐवजी नवी उडी बसवली. सुवर्णपदक आलं टोकियोत, जोडीच्या स्पर्धेत, म्हणजे पहिल्या ऑलिम्पिकनंतर १३ वर्षांनी.

च्वान होंगचान. दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. सातव्या वर्षी तिची खेळासाठी निवड झाली. टोकियोत १४ व्या वर्षी तिने १० मीटरमध्ये ४६६.२० गुणांचा विक्रम करून सुवर्ण जिंकलं. आईच्या उपचारांसाठी पैसे कमवायचे आहेत, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. विचार करा, आपण ज्या वयात दहावीची तयारी करतो, त्या वयात घराची जबाबदारी आणि देशाची अपेक्षा दोन्ही तिच्या खांद्यावर होत्या.

या चौघांच्या गोष्टी वेगळ्या आहेत, पण उडीआधीची मेहनत सगळ्यांनाच करावी लागते.

सरावात टेक्नॉलॉजी काय करते?

बऱ्याच जणांना वाटतं की डायव्हर दिवसभर पाण्यात उड्या मारतात. प्रत्यक्षात मोठा भाग कोरड्या जमिनीवर होतो. ट्रॅम्पोलिन असतं, फोमने भरलेला खड्डा असतो, कमरेला पट्टा आणि दोर बांधून कोलांट्या करून घेतात. दोर प्रशिक्षकाच्या हातात असतो, त्यामुळे चूक झाली तरी मूल आपटत नाही.

पुलावरही युक्त्या असतात. नवी उडी शिकताना तळातून हवेचे बुडबुडे सोडतात, त्यामुळे पाण्याचा मार कमी बसतो. पाण्यावर बारीक फवारे मारतात, कारण अगदी स्थिर, पारदर्शक पाणी वरून नीट दिसत नाही आणि अंतराचा अंदाज चुकतो.

आणि सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे व्हिडिओ. काठावर कॅमेरा आणि स्क्रीन असते. कॅमेरा उडी टिपतो, पण स्क्रीनवर ती काही सेकंद उशिरा दाखवतो. डायव्हर पाण्यातून बाहेर येऊन स्क्रीनकडे बघतो तेव्हा त्याचीच उडी सुरू होते. शरीराला काय वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं, यातला फरक लगेच दिसतो.

हे काम तुमचा फोनसुद्धा करू शकतो. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे दीड सेकंदाच्या उडीत ४५ चित्रं. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम ठेवल्या तर ३६० चित्रं मिळतात आणि तीच उडी १२ सेकंद चालते. कोलांटी कधी उघडली, पाय कधी सुटले, सगळं दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा, फ्लॅश बंद! टॉम डेलीचं काय झालं ते आता तुम्हाला माहीत आहे.

महाराष्ट्रात करिअर होतं का?

होतं, पण वाट अरुंद आहे. ऑलिम्पिक डायव्हिंगमध्ये भारताला आजवर एकही पदक नाही. चीनने मात्र पॅरिसमध्ये डायव्हिंगची आठही सुवर्णं नेली.

आपल्याकडची सर्वांत ठळक जागा म्हणजे पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट. तिथे शिकवल्या जाणाऱ्या मोजक्या खेळांमध्ये डायव्हिंग आहे. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनी योजनेत लहान वयातच मुलांची निवड होते. शिक्षण आणि सराव एकत्र चालतो आणि पुढे सेनादलात नोकरीचा मार्ग असतो. सेनादलाचा सिद्धार्थ परदेशी २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताकडून उतरला होता. दुसरीकडे सोलापूरने या खेळाला चांगल्या मुली दिल्या आहेत. सोलापूरच्या हृतिका श्रीरामने राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवली आहेत.

जाहिराती, मोठे करार असं या खेळात आपल्याकडे फारसं नाही. सेनादल, रेल्वे, पोलीस यांच्या क्रीडा कोट्यातली नोकरी हाच बहुतेकांचा खरा आधार. म्हणून अभ्यास सोडून चालत नाही.

नवी मुंबईकरांनो, इथे थांबा आणि वाचा

आता सर्वांत महत्त्वाचं. १० मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली पाणी साधारण ५ मीटर खोल असतं. १ मीटरच्या साध्या बोर्डखालीही जवळपास साडेतीन मीटर लागतं. शिवाय तळ सपाट, पाणी स्वच्छ आणि काठावर जीवरक्षक.

आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं? खारघरच्या पांडवकड्याला पोलीस आणि वनविभाग बंदी घालतात, तरी मुलं जातात. बंद पडलेल्या दगडखाणींत पाणी साचतं, मित्र मोबाइल धरून उभा राहतो आणि दुसरा वरून सूर मारतो. त्या गढूळ पाण्याखाली दगड किती खाली आहे, हे कोणालाच माहीत नसतं. उथळ पाण्यात डोकं आपटलं तर मानेचा मणका मोडू शकतो आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. चॅम्पियनसुद्धा अनोळखी पाण्यात डोकं खाली करून उडी मारणार नाहीत, कारण आपण किती वेगाने आदळतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

सोसायटीच्या पुलातही तेच. तो पोहण्यासाठी बांधलेला असतो, सूर मारण्यासाठी नाही.

खरंच शिकायचं असेल तर

१. आधी पोहणं पक्कं करा. खोल पाण्यात निवांत तरंगता आलं पाहिजे.
२. जवळ जिम्नॅस्टिक्सचा वर्ग असेल तर तिथे जा. जगभरातले कितीतरी डायव्हर आधी जिम्नॅस्ट होते.
३. पुलावर जाऊन थेट विचारा: डायव्हिंगचा वेगळा तलाव आहे का, बोर्डखाली खोली किती, डायव्हिंगचा प्रशिक्षक आहे का? पोहण्याचा प्रशिक्षक असणं पुरेसं नाही.
४. पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात डायव्हिंगचा तलाव आहे. स्पर्धा असेल तेव्हा एकदा प्रत्यक्ष बघून या. स्क्रीनवर १० मीटर किती उंच असतं ते कळतच नाही.
५. आई-बाबांना सोबत न्या. रोजचा प्रवास, फी, शाळेची वेळ हे एकट्याने जमणारं नाही.

पुढच्या वेळी डायव्हिंगची क्लिप आली की आधी नंबर वाचा, मग कोलांट्या मोजा आणि स्वतः मार्क देऊन पंचांशी जुळतात का बघा. आणि एखादा मित्र खाणीच्या काठावर उभा राहून "व्हिडिओ काढ रे" म्हणाला, तर फोन खिशात ठेवा आणि त्याला मागे ओढा.