चारही चाकांवर ओढायची जीप

मागच्या वेळी डेन्व्हरहून ऐकणाऱ्या एका जोडप्याने विचारलं होतं, की मोटरहोमच्या मागे जीप रँग्लर बांधून मोआबपर्यंत न्यायची आहे, चारही चाकं रस्त्यावर ठेवून. गिअर न्यूट्रलला टाकला की झालं ना? नाही झालं. आज तेवढंच बघू.

डेन्व्हर ते मोआब साधारण ५७० किलोमीटर. एवढ्या अंतरात रँग्लरचं चाक सव्वादोन लाख वेळा फिरतं, आणि चाकाला जोडलेला प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साडेतीन-चार पट, म्हणजे आठ लाखांच्या आसपास. आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप चालतो इंजिनवर. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. चाकं मात्र मागून शाफ्ट फिरवतच राहणार. आतले भाग कोरडेच घासतात, तापतात आणि जातात. बाहेरून काही कळत नाही, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीत कोणी बसलेलंच नसतं.

पुष्कळांना वाटतं, फोर-व्हील काढून २एच केलं की पुरे. त्याने फक्त पुढची चाकं सुटतात; मागची गिअरबॉक्सला जोडलेलीच असतात. सोडवायचं आहे ते ट्रान्स्फर केसमध्ये. तिला स्वतःचा ‘एन’ असतो, आणि त्यात टाकलं की दोन्ही शाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटतात. रँग्लरच्या बऱ्याच ट्रान्स्फर केसमध्ये तेलाचा छोटा पंप मागे जाणाऱ्या शाफ्टवरच बसवलेला असतो. चाकं फिरली की तो फिरतो. म्हणून ही गाडी अशी ओढता येते. ज्या ऑल-व्हील गाडीला हा ‘एन’च नाही, ती ट्रेलरवरच चढवावी.

आता क्रम. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, गिअरबॉक्स न्यूट्रल, इंजिन बंद. ट्रान्स्फर केसचा दांडा ‘एन’मध्ये ठाम बसवा. मग इंजिन सुरू करा, हँडब्रेक सोडा, रिव्हर्स टाका, ब्रेकवरचा पाय पाच सेकंद उचला. गाडी हलता कामा नये. पुन्हा ड्राइव्हमध्ये तेच. हलली, तर ‘एन’ नीट बसलेला नाही. ही दहा सेकंदं वाचवू नका! त्यानंतर इंजिन बंद, गिअर पार्कमध्ये. मॅन्युअल असेल तर गिअरमध्येच ठेवायची, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट स्थिर राहतो. स्टिअरिंगचं कुलूप उघडं हवं. आपापल्या वर्षाच्या मॉडेलचं माहितीपुस्तक मात्र जरूर वाचा.

आणि इथे एक धोका आहे. ट्रान्स्फर केस ‘एन’मध्ये असताना ‘पार्क’ गाडी धरत नाही. चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटलाय ना. म्हणून टो-बार दोन्हीकडे अडकेपर्यंत हँडब्रेक सोडायचा नाही, आणि निघताना तो सोडायला विसरायचं नाही. बार शक्यतो सपाट असावा. दोन टोकांच्या उंचीत चार बोटांपेक्षा जास्त फरक नको. सुरक्षेच्या साखळ्या बारखाली एकमेकींना छेदून, मागचे दिवे पुढच्या गाडीला जोडून.

ब्रेकबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत उतार, काही ठिकाणी ७ टक्क्यांच्या घरातला. दोन टनांची जीप अशा उतारावर पुढच्या गाडीला जवळजवळ १४० किलोच्या जोराने ढकलत असते, आणि तुम्ही ब्रेक मारलात की आणखी. जीपमध्ये स्वतंत्र ब्रेक यंत्रणा आणि बार तुटला तर ब्रेक लावणारी दोरी हवीच. अमेरिकेत कायदा राज्यागणिक वेगळा आहे, पण उताराला राज्य कळत नाही.

मागे घ्यायची तर मुळीच नाही. आम्ही एकदा पेट्रोल पंपावर ‘चार फूटच तर आहे’ म्हणून रिव्हर्स घेतला. जीपची पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळली आणि बारचा एक हात वाकला. रात्र तिथेच काढली. तेव्हापासून आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघतो. अडकलोच, तर जीप सोडवून वेगळी चालवतो.

भारतातल्या श्रोत्यांसाठी एवढंच: आपल्याकडच्या नियमांत असं ओढणं मुख्यतः बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरतं आहे, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आणि मागच्या स्टिअरिंगवर परवानाधारक बसवून. लांब न्यायची असेल तर फ्लॅटबेड मागवा.

पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबा. चारही चाकांच्या हबजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एकच हब जास्त तापलेला वाटला, तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. साखळ्या, पिना, दिवे पाहा. तिथून पुढे प्रत्येक थांब्यावर हेच.