लिव्हिंग्स्टन घराणे : द्विभाषित्व, दस्तऐवज आणि भूस्वामित्व

अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासातील थोर घराण्यांचा विचार करताना व्यापार, शेती व राजाश्रय ही त्यांच्या उत्कर्षाची तीन कारणे सामान्यतः सांगितली जातात. न्यूयॉर्क प्रांतातील लिव्हिंग्स्टन घराण्याच्या बाबतीत या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक कारण आढळते. ते म्हणजे मूळ पुरुषाला असलेले दोन भाषांचे ज्ञान. या घराण्याचा इतिहास भाषाभ्यासकाच्या दृष्टीनेही उद्बोधक ठरतो तो यामुळेच.

रॉबर्ट लिव्हिंग्स्टन याचा जन्म १६५४ मध्ये स्कॉटलंडमधील अँक्रम येथे झाला. त्याचा पिता प्रेस्बिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक होता. धार्मिक मतभेदांमुळे त्याला १६६३ मध्ये देशत्याग करावा लागला आणि हे कुटुंब हॉलंडमधील रॉटरडॅम येथे राहू लागले. अशा रीतीने घरात इंग्रजी व बाजारात डच, या दोन्ही भाषा रॉबर्टने बालवयातच आत्मसात केल्या. १६७४ मध्ये तो हडसन नदीकाठच्या ऑल्बनी या व्यापारी गावी आला.

ऑल्बनीची त्या वेळची भाषिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यू नेदरलँड ही डच वसाहत जिंकली होती. राज्यकर्त्यांची भाषा त्यामुळे इंग्रजी झाली, परंतु गावकऱ्यांची भाषा डचच राहिली. पश्चिमेकडील इरोक्वॉय राष्ट्रांशी होणाऱ्या वाटाघाटींत तर तीन भाषांची साखळी असे. मोहॉक भाषेतील भाषण दुभाष्या डचमध्ये सांगे आणि राज्यपालासाठी त्याचे इंग्रजी करावे लागे. या साखळीतील डच व इंग्रजी हा शेवटचा दुवा सांधण्याचे काम १६७५ पासून रॉबर्टकडे आले. नगराचा लिपिक आणि मूळ रहिवाशांशी होणाऱ्या व्यवहारांचा सचिव या नात्याने तहनामे, खरेदीखते आणि सभांची टिपणे त्याच्या हातून लिहिली जाऊ लागली. ही टिपणे १९५६ मध्ये लॉरेन्स लेडर यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. आज ती त्या काळाच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन मानली जातात.

१६७९ मध्ये रॉबर्टने अलीडा स्कायलर हिच्याशी विवाह केला. ती बलाढ्य व्हान रेन्सेलर घराण्यातील निकोलस याची विधवा व ऑल्बनीच्या प्रतिष्ठित डच कुळातील कन्या होती. पती राजकारणासाठी न्यूयॉर्कला असताना पिठाची गिरणी, दुकान आणि कुळांचा हिशेब ती स्वतः पाही. पतिपत्नींचा पत्रव्यवहार डच भाषेत चाले. सत्तेची भाषा इंग्रजी आणि संसाराची भाषा डच, अशी ही वाटणी होती.

घराण्याच्या भूस्वामित्वाचा उगम दोन खरेद्यांमध्ये आहे. १६८३ मध्ये रॉबर्टने हडसनच्या पूर्व तीरावर रोलिफ यान्सेन ओढ्यालगतची सुमारे २,००० एकर जमीन मोहिकन लोकांकडून घेतली. त्या वेळी एका मोहिकन स्त्रीने लहानशा शेतात आणखी चार वर्षे पेरणी करण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता. दुसरी खरेदी १६८५ मधील. ही जमीन बरीच पूर्वेला, टॅकोनिक डोंगराच्या बाजूस होती आणि तिचे क्षेत्र सुमारे ६०० एकर सांगण्यात आले होते. १६८६ मध्ये राज्यपाल थॉमस डाँगन याने या दोन तुकड्यांची मिळून एक ‘मॅनर’ निर्माण केल्याची सनद दिली. सनदेतील चतुःसीमा मात्र दोन तुकड्यांच्या मधला सर्व प्रदेश सामावून घेणाऱ्या होत्या. २,६०० एकरांचे अशा रीतीने सुमारे १,६०,००० एकर झाले. त्याबद्दल राजाला द्यावयाचा सारा होता वर्षाला २८ शिलिंग.

हे कसे घडू शकले? सनदेतील सीमा मोहिकन नावांनी दर्शविलेल्या आहेत. एक खूण दगडांच्या राशीची आहे. जाता-येता त्या राशीवर एकेक दगड टाकण्याची मोहिकनांची जुनी चाल होती. ही नावे उच्चारणाऱ्यांना ती स्थळे ठाऊक होती, पण त्यांना लेखन अवगत नव्हते. सनद देणाऱ्यांना लेखन अवगत होते, पण स्थळे ठाऊक नव्हती. दोन्ही बाजूंचे ज्ञान ज्याच्या ठायी एकवटले होते, तोच या व्यवहारातील लाभार्थी होता.

‘मॅनर’ या शब्दाचे भाषांतर ‘जहागीर’ असे करण्याचा मोह होतो. परंतु जहागीर म्हणजे मूलतः महसुलाची नेमणूक, तर मॅनर ही वंशपरंपरागत मालकीची जमीन, आणि तिच्या मालकाला स्वतःचे न्यायालय भरविण्याचाही अधिकार असे. १७१५ च्या नव्या सनदेने तिला प्रांतिक विधिमंडळात स्वतंत्र प्रतिनिधित्वही मिळाले. १७१८ मध्ये रॉबर्ट त्या मंडळाचा सभापती झाला. १७२८ मध्ये तो मरण पावला.

पुढील पिढ्यांची कीर्ती सर्वपरिचित आहे. नातू फिलिप याने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. दुसरा नातू विल्यम न्यू जर्सीचा राज्यपाल झाला व त्याने १७८७ च्या संविधानावर सही केली. क्लेरमाँट शाखेतील चॅन्सेलर रॉबर्ट आर. लिव्हिंग्स्टन हा जाहीरनामा सिद्ध करणाऱ्या पाच जणांच्या समितीत होता. १७८९ मध्ये वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ त्यानेच दिली आणि १८०३ मधील लुइझियानाच्या खरेदीच्या वाटाघाटींतही त्याचा वाटा होता.

या कीर्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅनरचा दुसरा मालक फिलिप याने आपल्या मुलांसह आफ्रिकी दासांच्या व्यापारात भांडवल गुंतविले. मॅनरवरील कुळांना गहू, कोंबड्या आणि गाडीबैलांची वेठ या रूपाने खंड द्यावा लागे, आणि त्यांचे पट्टे बहुधा एक-दोन व्यक्तींच्या हयातीपुरतेच असत. १७५० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या पाठिंब्याने कुळांनी उठाव केले. १७७७ मध्ये तर अनेक कुळे राजाच्या पक्षाला मिळाली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांचीच कुळे राजाकडे न्याय मागत होती, यातील विसंगती उघड आहे.

१७९५ मध्ये कुळांनी राज्य विधिमंडळाकडे अर्ज केला. मूळ जमीन २,६०० एकर असताना १,६०,००० एकरांवर हक्क कसा, हाच त्यांचा प्रश्न होता. एका शतकापूर्वीचा दस्तऐवज ती आता स्वतः वाचत होती. अर्ज फेटाळला गेला. परंतु १८३९ पासून हडसन खोऱ्यात खंडविरोधी चळवळ पेटली आणि १८४६ च्या न्यूयॉर्क राज्यघटनेने सरंजामी भूधारणा रद्द ठरवून शेतीचे पट्टे कमाल १२ वर्षांपुरते मर्यादित केले.

दुभाषी हा दोन समाजांमधील पूल असतो, असे सामान्यतः मानले जाते. या उदाहरणावरून असे दिसते की, त्या पुलावर जकातनाकेही उभारता येते. वसाहतकालीन दस्तऐवज वाचताना त्याचा आशय पाहून थांबणे पुरेसे नाही. तो कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कोणाच्या हाताने व कोणाच्या लाभासाठी आला, हेही तपासणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.