हुंगण्याची नशा : घरातल्या डब्यातील विष

किशोरवयीन मुलांची नशा म्हटली की पालकांच्या डोळ्यांसमोर गांजा किंवा चोरून विकली जाणारी पुडी येते. परंतु काही मुलांची सुरुवात घरातल्या वा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वस्तूपासून होते : व्हाइटनर, रंगाचा थिनर, पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, पेट्रोल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये हुंगण्याच्या पदार्थांच्या वापराचे प्रमाण १.१७ टक्के आढळले. प्रौढांमध्ये ते ०.५८ टक्के होते. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळलेला नशेचा हा एकमेव प्रकार होय.

बाटलीतील व्हाइटनर व थिनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्र शासनाने २०१२ साली बंदी घातली. तेवढ्याने पालकांनी निर्धास्त राहू नये. चेन्नईजवळील कोवलमसारख्या मासेमारीच्या गावात होड्या रंगविणे व फायबरची डागडुजी ही नित्याची कामे आहेत. गॅरेज, सुतारकाम, पादत्राणांची दुरुस्ती यांतही हीच रसायने लागतात. काम संपल्यावर डब्याचे झाकण घट्ट लावून तो कुलपात ठेवावा.

ही वाफ फुप्फुसांतून काही क्षणांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिच्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊन अकस्मात मृत्यू ओढवू शकतो, आणि तो पहिल्याच वेळी हुंगणाऱ्या निरोगी मुलाचाही होऊ शकतो. म्हणून मूल हुंगताना आढळल्यास त्याच्यावर ओरडू नये, त्याच्यामागे धावू नये, त्याला मारू नये. भीती व धावपळ यांमुळे हृदयावरील धोका वाढतो. संतापलेल्या पालकांना हे अवघड वाटेल, तरीही त्या क्षणी शांत राहणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

मुलाला मोकळ्या हवेत आणावे. शुद्ध हरपली असून श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा. रसायन पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी वा दूध पाजू नये, कारण उलटीवाटे ते फुप्फुसांत शिरते. डबा किंवा बाटली रुग्णालयात सोबत न्यावी.

श्वासाला किंवा कपड्यांना येणारा रसायनाचा वास, ओठ-नाकाभोवतीचे चट्टे, रंगाचे डाग पडलेली फडकी, वारंवार डोकेदुखी, मंदावलेली भूक ही सवयीची लक्षणे असू शकतात. दीर्घकाळ हुंगल्यास स्मरणशक्ती, मूत्रपिंडे व हातापायांच्या नसा यांना इजा होते. ही सवय सोडविणारी खास गोळी नाही. समुपदेशन आणि कुटुंबाची साथ यांवरच उपचार आधारलेले आहेत. मुलाची बदनामी होईल या भीतीने ते लांबवू नयेत.

व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य संपर्क साधता येतो. विषबाधेसंबंधी माहितीसाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे.