अकरा वर्षांची वाट

तंजावूरला शिवगंगा तळ्याजवळच्या जुन्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरचा वृद्ध पाद्री आणि त्याचा हात हाती घेतलेले मराठा राजे, सरफोजी!

पाद्री श्वार्ट्झ मूळचे जर्मन. १७८७ मध्ये मरताना तुळजाराजांनी दत्तक पुत्र सरफोजींना त्यांच्या हाती सोपवले. पण गादी मिळाली अमरसिंगांना. श्वार्ट्झनी मुलाला शिकवले, मद्रासला सुरक्षित ठेवले, इंग्रजांकडे रदबदली केली, प्रार्थना केली. बाकी देवावर सोपवले. आपल्याला तर आठवड्यात फळ हवे असते!

फेब्रुवारी १७९८ मध्ये ते वारले. सरफोजी गादीवर बसले, त्याच वर्षी, काही महिन्यांनी. राजे हिंदूच राहिले. शिल्प मात्र त्यांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समनकडून मुद्दाम घडवून घेतले.