आधी मोजा, मग घटवा

घरच्या कार्बनचा हिशेब वीजबिलापासून सुरू करावा. देशातली बहुतांश वीज कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 14.2 किलोचा गॅस सिलिंडर जाळल्यावर 42 किलोच्या आसपास. म्हणजे महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराची वीज तीन सिलिंडरांपेक्षाही भारी पडते. मोजल्याशिवाय हे कळत नाही. मोजले, की जुना फ्रिज किंवा एसी बदलणे का महत्त्वाचे, ते उमगते.

खरे प्रदूषण कारखाने करतात, मग घरांवर भार कशाला, हा आक्षेप निम्मा खरा आहे. सिमेंट उद्योगात चुनखडी भाजतानाच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. नुसते इंधन बदलून तो थांबत नाही. या भाजण्यातून बनणारे क्लिंकर कमी करून सिमेंटमध्ये औष्णिक केंद्रांतली राख मिसळणे, हा तिथला सिद्ध उपाय. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेही 2022-23पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. मात्र ते सिमेंट शेवटी आपल्याच घरांत जाते. म्हणून कारखान्याकडे हिशेब जरूर मागावा, आणि घर बांधताना राखमिश्रित सिमेंटही आग्रहाने मागावे.