बेटांवरचे दुर्ग आणि पुण्यातले कागद

समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर वसलेल्या पुण्यात कोकणच्या बेटांचा इतिहास जपला जातो, असे म्हटले तर अनेकांना नवल वाटेल. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांतील खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन किल्ले चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले आहेत. या नोंदीचा आनंद सर्वांनीच साजरा केला. परंतु या बेटांवर नेमके काय घडले हे आपल्याला ज्यांच्यामुळे कळते, ती माणसे बव्हंशी पडद्याआडच राहिली. त्यांतील बहुतेकांनी हे काम नोकरी म्हणून केलेले नाही. फावल्या वेळात, पदरमोड करून केलेले आहे.

बेटांचे कागद पुण्यात कसे?

याचे उत्तर मराठेशाहीच्या राजकारणात आहे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांना छत्रपती शाहूंच्या पक्षाला वळविले, तेव्हापासून आरमार आणि पुणे यांचा संबंध वाढत गेला. पुढे १७३३ मध्ये बाजीरावाने जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. १७५५ मध्ये इंग्रजांच्या मदतीने सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेला. त्यानंतर किनाऱ्याचा मोठा भाग थेट पेशव्यांच्या कारभाराखाली आला. साहजिकच किल्ल्यावरच्या शिबंदीचा पगार, दाणागोटा, दारूगोळा, तटाची डागडुजी, गलबतांची दुरुस्ती यांचे हिशेब पुण्याकडे येऊ लागले. त्यांतील पुष्कळ कागद आज सरकारी पेशवे दफ्तरात आहेत. मात्र सरदार, कारकून आणि वतनदार यांच्या वाड्यांतील दप्तरे तशीच पडून होती. पेशवाई बुडाल्यावर त्यांना वाली उरला नव्हता.

ही दप्तरे गोळा करण्याचे काम ज्या संस्थांनी अंगावर घेतले, त्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात मंडळाची स्थापना केली. त्यामागे ना संस्थानिकाचे फर्मान होते, ना सरकारचा ठराव. राजवाडे त्याआधीपासूनच गावोगाव हिंडून कागद जमवीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. एकट्याने किती हिंडायचे, या प्रश्नाला मंडळ हे उत्तर होते.

मानाचे नव्हे, कष्टाचे पद

अशा संस्थेचे नेतृत्व म्हणजे काय, हे बाहेरून चटकन लक्षात येत नाही. सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ आणि मानद चिटणीस असा हा कारभार असतो. चिटणीसाने पत्रव्यवहार पाहायचा, सभेला वक्ता शोधायचा, देणग्या मागायच्या, अंक छापून घ्यायचा, पावसाळ्यात छत गळते का हेही बघायचे. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मंडळाची अशी सेवा दीर्घकाळ केली. ग. ह. खरे यांनी संग्रहाची धुरा वाहिली, त्यासाठी फार्सी आत्मसात केली आणि नवोदितांसाठी 'संशोधकाचा मित्र' हा ग्रंथ सिद्ध केला. आज सदाशिव पेठेतील मंडळाच्या संग्रहात सुमारे पंधरा लाख कागद आहेत असे सांगितले जाते. पाक्षिक सभा, त्रैमासिक आणि मोडी लिपीचे वर्ग हे मंडळाच्या कार्याचे परिचित भाग आहेत.

कागद जमविणे हे या कामातले पहिले पाऊल. रुमाल सोडायचा, कागद झटकून सरळ करायचा, मोडी अक्षर लावायचे, मग तिथी ठरवायची. पत्रात अनेकदा साल नसते. असलेच तर ते शुहूर सनात असते. त्यावरून इंग्रजी तारीख काढावी लागते. महिना चुकला तर पावसाळ्यातली हालचाल उन्हाळ्यातली ठरते आणि आरमाराच्या बाबतीत याने सारा अर्थच बदलतो, कारण पावसाळ्यात गलबते किनाऱ्याला ओढून ठेवावी लागत. हे काम घाईने होत नाही. महिन्याच्या हिशेबात बसविता न येणारे हे श्रम हौशी माणूसच चिकाटीने करू शकतो.

खांदेरीचा धडा

या श्रमांचे मोल खांदेरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. थळच्या किनाऱ्यासमोरचे हे बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे तट बांधण्यास आरंभ करताच मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. मायनाक भंडारी बेट लढवीत होते, दौलतखान आरमार घेऊन मदतीस आले. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. पुढे सिद्दी इंग्रजांच्या बाजूने आला आणि त्याने शेजारचे उंदेरी बेट बळकावले. तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

हा तपशील आपल्याला मिळतो तो मुख्यतः शत्रूच्या पत्रांतून. मुंबई आणि सुरतेच्या इंग्रजांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत त्यांची चिडचिड आणि हतबलता दिसते. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री पहारा चुकवून बेटावर रसद पोचवीत होत्या आणि मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग जमत नव्हता. ही पत्रे पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये एकत्र छापली, म्हणून ती मराठी अभ्यासकाच्या हाताशी आली. एरवी खांदेरीची लढाई आपल्याकडे चार ओळींची दंतकथा होऊन राहिली असती.

किनाऱ्यावरची माणसे

अर्थात कागदांत सर्व काही नसते. सिंधुदुर्गाचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले हे कागद सांगतो. पण खाऱ्या पाण्याच्या मध्यभागी असलेल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी कोणी, कशा राखल्या, शिवराजेश्वर मंदिरातील पूजाअर्चेच्या जबाबदाऱ्या कोणत्या घराण्यांकडे आहेत, कोणत्या वाऱ्याला होडी घालू नये, हे ज्ञान किल्ल्यावर आणि मालवणात राहणाऱ्यांजवळ आहे. मालवणची किल्ले सिंधुदुर्ग प्रेरणोत्सव समिती याच जाणिवेतून किल्ल्याच्या जतनाचा विषय लावून धरत आली आहे. पुण्याने कागद वाचावा आणि मालवणाने खडक दाखवावा, अशी ही वाटणी आहे. पायात शिसे ओतल्याची कथा वाटाडे सांगतात, तेव्हा ती कोणत्या बखरीतून आली, ती बखर किती उशिराची, हे कागद वाचणाऱ्याने सांगायचे. आणि भरती-ओहोटीत तो पाया प्रत्यक्ष कसा दिसतो, हे किनाऱ्यावरच्याने.

येथे एक पथ्य मात्र पाळावे लागते. सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या, तर खांदेरी राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. उत्साहाच्या भरात चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरणे किंवा सापडलेला तोफगोळा घरी नेणे ही सेवा नव्हे. नोंद ठेवणे, छायाचित्रे काढणे, पडझड वेळीच कळविणे, हेच स्वयंसेवकाचे खरे काम.

धोका कोठे आहे?

अशा संस्थांना पैशाची चणचण नेहमीचीच. तिच्यावर त्यांनी आजवर मात केली आहे. खरा प्रश्न वारशाचा आहे. राजवाडे पुढे मतभेद होऊन पुण्याबाहेर पडले, धुळ्यास गेले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तेथेही संशोधन मंडळ उभे राहिले. म्हणजे माणसे गेली तरी काम थांबले नाही, कारण ते उचलणारे कोणीतरी मागे होते. आज मोडीचे वर्ग भरतात, पण वर्ग पूर्ण केल्यावर वर्षानुवर्षे दप्तरासमोर बसणारे विरळाच. कागदांच्या संगणकीय प्रती काढल्या तरी त्या वाचायला मोडीचा जाणकार लागतोच. न वाचलेला कागद हा पडद्यावरही न वाचलेलाच राहतो.

जागतिक वारसा म्हणून नोंद झाल्यामुळे बेटांवर पर्यटक वाढतील, फलक लागतील, धक्के बांधले जातील. त्या फलकांवर काय लिहायचे, हे मात्र कोणाला तरी आधी शोधून ठेवावे लागेल. आठवड्यातले दोन तास देऊ शकणारा निवृत्त शिक्षक, बँकेतला कर्मचारी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासाठी ही दारे आजही उघडी आहेत. मोडीची बाराखडी गिरविण्यापासून आरंभ करता येतो. तिन्ही बेटांवरचे तट समुद्राच्या लाटा सोसत साडेतीन शतके उभे आहेत. त्यांचा इतिहास तेवढाच टिकवायचा तर दप्तराच्या रुमालाची गाठ सोडणारे हात पुढच्या पिढीतही लागतील.